मनात नव्हतं, मग तोंडात कुठून आलं?

मार्चचा दुसरा आठवडा लागला की आमच्या शाळेच्या आवारातला मोह फुलं टाकायला लागतो. सकाळी फाटक उघडायच्या आधीच दोन-चार मुली टोपल्या घेऊन आलेल्या असतात. जमिनीवर ती फिकट पिवळी, रसाने फुगलेली फुलं पडलेली असतात आणि सगळ्या आवारात गोड, किंचित आंबूस वास भरून राहिलेला असतो. कार्यालयात माझ्या टेबलावर परीक्षेचं वेळापत्रक, खिडकीतून हा वास. दुसऱ्या कुणाला परीक्षा म्हटलं की शाईचा किंवा कोऱ्या कागदाचा वास आठवत असेल. मला मोहाचा आठवतो.

यंदा त्या वासाबरोबर थोडा रागही आला. गेल्या आठवड्यात एक साहेब शाळा बघायला आले होते. आमच्या आदिवासी मुलांनी त्यांना होळीचा नाच करून दाखवला. घुंगरू, ढोल, धूळ. मुलं बेभान नाचली. नंतर चहा घेताना साहेब हसत म्हणाले, "मॅडम, तुमच्या या पोरांचं एक बरं असतं. डोक्यात काही नाही शिरलं तरी पायात उपजतच असतं!" सोबतची मंडळी हसली. मी हसले नाही. ते त्यांच्या लक्षात आलं असावं. "सहज बोललो हो. मनाला लावून घेऊ नका."

"लावून घेते साहेब," मी म्हटलं. "मन त्यासाठीच असतं."

साहेबांनी उरलेला चहा तसाच ठेवला आणि घड्याळ बघितलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आता वाटत नाही. पण एका मार्चमध्ये, धुळ्यात, मी हसले होते. ते हसणं अजून पचलेलं नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते, मुलींच्या वसतिगृहात राहत होते. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, भुसावळला रेल्वेत गँगमन होते. मी वाढले रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. एकसारख्या चाळी, इंजिनाच्या धुराने काळवंडलेल्या भिंती आणि देशभरातले शेजारी. त्यामुळे माझी बोली शाळेतल्या पुस्तकासारखी. आडनाव सोनवणे, आणि हे आडनाव खानदेशात कुठल्या जातीत नाही ते विचारा. मला पाहून, माझं बोलणं ऐकून कुणाला कळायचं नाही की आम्ही भिल्ल. धुळ्याला सोडायला आले तेव्हा आबांनी एवढंच सांगितलं होतं, "कोणी विचारलं तर खोटं बोलू नको. नाही विचारलं तर आपण होऊन सांगू नको. आधी नोकरी लागू दे."

कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. पण त्यामुळे एक झालं. माझ्यासमोर कुणी सांभाळून बोलायचं नाही. जेवणाच्या रांगेत कोणी घुसलं की "काय भिल्लासारखी करतेस!" कोणी केस मोकळे सोडून फिरली, कोणी मोठ्याने हसली, कोणी उन्हात रापली की तोच शब्द. त्यात द्वेष नव्हता. मीठ घालावं तसा तो शब्द घातला जायचा, चिमूटभर, न मोजता. आणि मी तो रोज पानात घेऊन गिळायची.

आम्हाला मराठी शिकवणाऱ्या बाई होत्या, मंगलाबाई. असं मायाळू माणूस मी फार थोडं पाहिलं आहे. पहिल्या वर्षी मला टायफॉइड झाला तेव्हा सहा दिवस त्यांच्या घरून मुगाचं पाणी यायचं. माझं अक्षर तक्त्यावर सुंदर येतं म्हणून कॉलेजचे सगळे तक्ते त्या माझ्याकडूनच करून घ्यायच्या आणि पाहुण्यांना सांगायच्या, "ही आमची सुमन. हिच्या हातात मोती आहेत."

त्या मार्चमध्ये आमचे वार्षिक पाठ होते. खऱ्या शाळेतला खरा वर्ग घ्यायचा, मागच्या बाकावर आपल्या बाई आणि बाहेरून आलेले परीक्षक बसणार. त्या गुणांवर पुढची नोकरी. आम्ही सगळ्या जणी पाठाची टाचणं काढण्यात, तक्ते रंगवण्यात बुडालेल्या. ऊन तापायला लागलेलं. कॉलेजच्या अंगणातल्या कडुनिंबाला मोहर आलेला आणि वाऱ्याबरोबर त्याची बारीक फुलं वर्गात येऊन ओल्या रंगावर चिकटायची. मी सकाळपासून जमिनीवर बसून तक्ता करत होते. वेणी सुटली होती, गालाला काळी शाई लागली होती, साडीचा पदर खोचलेला. मंगलाबाई दारातून आल्या, माझ्याकडे बघून थबकल्या आणि खळखळून हसल्या.

"अगं सुमन, काय हा अवतार! अगदी भिल्लीण दिसतेयस!"

बोलता बोलता त्या माझ्यामागे येऊन बसल्या आणि माझी वेणी घालायला लागल्या. आईसारख्या. सगळा वर्ग हसला.

मी पण हसले.

शब्द मी हजारदा ऐकला होता. पण या वेळी तो मायेच्या हातातून आला. हात केसांत फिरत होते आणि तोंडातून तो शब्द. त्या हातांवर मला राग काढता येईना आणि शब्द सोडवेना. त्या दिवशी दुपारी मी जेवले नाही. कडुनिंबाखाली जाऊन बसले. डोळ्यांसमोर आजोळ येत राहिलं. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. मोहाच्या दिवसांत आम्ही पोरं पहाटे उठून झाडाखाली जायचो. पायांना गार माती, अंगावर टपटप फुलं. आजी फुलं वेचताना आधी झाडाला हात लावायची, मग वाकायची. उन्हात वाळली की फुलं मनुकांसारखी तांबूस व्हायची. तिचा चेहरा, तिच्या कपाळावरचं गोंदण, तिची सुटलेली वेणी. बाईंना मी तिच्यासारखी दिसले होते. खरंतर किती चांगली गोष्ट होती ती! आणि मला तिची लाज वाटावी असं काहीतरी त्या हसण्यात होतं.

चार दिवसांनी मामा आला.

माझ्या खोलीत तिघी होतो. मी, अमळनेरकडची पुष्पा आणि पारोळ्याची शमीम, जिचे वडील गाद्या भरायचं काम करायचे. पुष्पा शेतकऱ्याच्या घरातली, मनाने सरळ, घरच्या बोलीतच बोलणारी. ती धावत वर आली.

"सुमे, गेटवर एक भिल बठेल शे. तुनं नाव लेस. तुमना सालदार शे का?"

फाटकावर एक भिल्ल बसलाय, तुझं नाव घेतोय. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी. मी खिडकीतून पाहिलं. फाटकाबाहेर, उन्हात, जमिनीवर मामा बसला होता. धोतर गुडघ्यापर्यंत, डोक्याला मळकं फडकं, मांडीवर गाठोडं. रखवालदारीण बाकावर सावलीत बसलेली.

खरं सांगते, एक क्षण गेला. पुष्पाने वाक्य तयार करूनच दिलं होतं. "हो" एवढंच म्हणायचं होतं. आबांची काळजी, पंधरा दिवसांवर आलेला पाठ, नोकरी, सगळं त्या एका "हो"मध्ये सुखरूप राहणार होतं.

"तो माझा मामा आहे," मी म्हटलं. "सख्खा. आईचा भाऊ."

पुष्पाचं तोंड उघडंच राहिलं. शमीम पलंगावर वाचत होती, तिने पुस्तक मिटलं. मी जिना उतरले, फाटकाबाहेर गेले आणि भर रस्त्यात वाकून मामाच्या पाया पडले. मग त्याचा हात धरून त्याला भेटीच्या खोलीत आणलं, खुर्चीवर बसवलं. तो खुर्चीच्या कडेवर टेकला.

"मी तठेच बरा व्हतू, पोरी," तो फाटकाकडे बोट दाखवत म्हणाला.

"मी बरी नव्हते," मी म्हटलं.

मामीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून तो धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात आला होता. गाठोड्यात माझ्यासाठी वाळवलेली मोहाची फुलं होती. शमीमने न सांगता चहा आणला, कपबशीतून, आणि मामाला सलाम केला. मामा गेल्यावर नव्हे, तो असतानाच मला रडू फुटलं. मी त्याला सगळं सांगितलं. बाईंचं बोलणं, सगळ्यांचं बोलणं. त्याने बशीतला चहा संपवला.

"भिलले भिल नई म्हनतीन ते काय म्हनतीन?" तो म्हणाला. भिल्लाला भिल्ल म्हणणार नाहीत तर काय म्हणतील. "नाव वंगाळ नई शे, पोरी. म्हननारानं तोंड कसं व्हतं ते देख."

मला त्याने रागापासून सोडवलं नाही, उलट राग कशावर धरायचा ते दाखवलं. शब्द आमचा होता, चांगला होता. तो तोंडात घेताना लोकांचे ओठ जसे वाकडे होत, ते आमचं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत बातमी कॉलेजभर झाली. दुसऱ्या दिवशी मंगलाबाईंनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. त्या एकट्याच होत्या. डोळे लाल दिसत होते.

"सुमन, मला माहीत नव्हतं गं. माहीत असतं तर मी तसं बोलले असते का?"

"नसता बोललात, बाई."

"मग?"

"माहीत नव्हतं म्हणूनच खरं ते बोललात."

त्यांना ते लागलं. त्या म्हणाल्या, "माझ्या मनात तसं काहीसुद्धा नव्हतं. सहज निघून गेलं तोंडातून."

"मनात नव्हतं, मग तोंडात कुठून आलं, बाई?"

एकोणीस वर्षांची मी, आणि समोर माझे गुण ज्यांच्या हातात त्या बाई. पण वाक्य बाहेर पडलं होतं आणि मी ते मागे घेतलं नाही.

"मी तुला लेकीसारखं वागवलं, ते काहीच नाही का?" त्यांचा आवाज चढला. "एका शब्दावरून माणसाचं माप काढतेस?"

"लेकीसारखं वागवलंत ते खरंच आहे. मुगाचं पाणी मी विसरणार नाही. पण तेही खरं आणि हेही खरं, बाई. तुम्ही मला यातलं एकच घे म्हणता."

मी बाहेर आले.

या प्रश्नावर मी पुढे वर्षानुवर्षं विचार केला आहे. विचार करून बोलताना माणूस शब्द निवडतो. चांगलं दिसेल ते पुढे करतो. न निवडता जे निघतं ते हाताशी असतं म्हणून निघतं, आणि हाताशी तेच असतं जे घरात रोज वापरलं जातं. बाई दुष्ट नव्हत्या. दुष्ट माणसाचा शब्द झटकता येतो. चांगल्या माणसाच्या तोंडून तो आला म्हणजे तो किती खोल मुरलाय ते कळतं. आजी-पणजीपासून, ओट्यावरून, स्वयंपाकघरातून तो त्यांच्यापर्यंत आला असेल. त्यांनी तो मागितला नव्हता, पण कधी उलटून पाहिलाही नव्हता. "सहज" या शब्दाने लोक गुन्हा लहान करतात. मला तो सहजपणाच मोठा वाटतो.

पाठाचे गुण बाईंच्याच हातात आहेत, म्हणून पुष्पा मला समजावत राहिली. "माफी मांग, माय. पाठना गुण त्यासनाच हातमा शेत." माझ्याशी तिचं वागणं मात्र बदललं नाही, हे सांगायला हवं. उलट सालदार म्हटल्याबद्दल तिने मामाची माफी मागायची म्हणून दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठला आणि मामीला दोन संत्री देऊन आली. मी मात्र बाईंची माफी मागितली नाही. भुसावळहून आबांचं पत्र आलं, त्यातही शेवटी होतंच, तोंड सांभाळ. कोणी कळवलं होतं कोण जाणे.

माझा पाठ होता चौथीच्या वर्गावर. विषय, परिसरातली झाडं. टाचणात आंबा, चिंच, कडुनिंब होते. आदल्या संध्याकाळी मी त्यात मोह घातला. मामाने आणलेली फुलं ताटलीत घेऊन गेले.

मागच्या बाकावर परीक्षक आणि मंगलाबाई. आंबा झाला, चिंच झाली. मग मी ताटली मुलांपुढे धरली.

"ओळखा बरं."

"मनुका!" दोघे-तिघे ओरडले. दुसऱ्या बाकावरची लाल रिबिनीची मुलगी उभी राहिली. "बाई, मला माहीत आहे. ही मोहाची फुलं. याची दारू काढतात. भिल्ल काढतात आणि पिऊन पडतात."

वर्ग हसला. परीक्षकही गालात हसले. मुलगी कौतुकाची वाट बघत उभी होती. तिचा काय दोष? घरात ऐकलेलंच ती म्हणत होती.

"दारू काढतात हे बरोबर," मी म्हटलं. "आणखी काय करतात?"

कुणाला माहीत नव्हतं.

"ही फुलं उकडून भाकरीशी खातात. भाजून तिळाबरोबर कुटून लाडू करतात. घरात धान्य कमी असतं त्या दिवसांत हे झाड माणसं जगवतं. म्हणून माझी आजी फुलं वेचण्याआधी झाडाला हात लावायची. मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. मी भिल्ल आहे."

रिबिनवाली मुलगी मला वरपासून खालपर्यंत बघत राहिली. मग अगदी मनापासून म्हणाली,

"पण बाई, तुमची साडी तर इस्त्रीची आहे!"

कोणी हसलं नाही. मलाच हसू आलं, आणि ते पहिलं खरं हसू होतं त्या महिन्यातलं. "भिल्लांच्या साड्यांनाही इस्त्री होते गं," मी म्हटलं आणि तिच्या हातावर एक फूल ठेवलं. "खाऊन बघ." तिने कडेने कुरतडलं, मग सगळं तोंडात टाकलं. "गोड आहे," तिने वर्गाला सांगितलं. मग सगळ्यांनाच फुलं हवी होती. ताटली रिकामी झाली.

परीक्षकांनी शेरा लिहिला. साधनाचा वापर उत्तम. मात्र विषयांतर टाळावे, वैयक्तिक माहिती देऊ नये. आणि गुण कापले. मंगलाबाईंनी त्यांच्या वाट्याचे गुण पैकीच्या पैकी दिले. त्यानंतर एकदा व्हरांड्यात त्या समोरून आल्या. थांबल्या. "ते विषयांतर नव्हतं, असं मी त्यांना सांगितलं," एवढंच म्हणाल्या आणि पुढे गेल्या. क्षमा त्यांनी कधी मागितली नाही, मीही वाट बघितली नाही. पण उरलेल्या दिवसांत त्यांच्या वर्गात कोणी तो शब्द टाकला की त्या खडू खाली ठेवायच्या आणि बोलणाऱ्या मुलीकडे बघत राहायच्या. ती गप्प होईपर्यंत.

मला वाटलं होतं, मी जिंकले. तोऱ्यातच होते मी. एप्रिलअखेर परीक्षा संपली आणि शमीम आणि मी एकाच बसने निघालो. ती पारोळ्याला उतरणार, मी पुढे जळगावहून भुसावळला. बाहेर कापसाच्या उपटलेल्या झाडांचे, पळाट्यांचे ढीग, उन्हाने पांढरी पडलेली शेतं, खिडकीतून भाजणारा वारा. मी परत एकदा पाठाची गोष्ट सांगत होते. शमीम ऐकत होती. पारोळ्याचा किल्ला दिसायला लागला तशी ती म्हणाली,

"सुमन, ईदच्या वेळी मी शीरखुर्मा आणला होता, तेव्हा तू सगळ्यांसमोर मला काय म्हणालीस, आठवतं?"

मला आठवत नव्हतं.

"म्हणालीस, 'शमीम किती छान आहे, अगदी आपल्यातली. मुसलमान वाटतच नाही.'"

बसच्या खडखडाटातही मला माझा तेव्हाचा आवाज ऐकू आला. कौतुकाने भरलेला.

"मी हसले होते," शमीम म्हणाली. "तू बाईंसमोर हसलीस ना, तशीच."

"अगं, मी सहज..." माझ्या तोंडून निघालं. आणि तिथेच शब्द अडकला. शमीम माझ्याकडे बघत होती, रागाने नाही, वाट बघत. बाईंना विचारलेला प्रश्न ती मला विचारत नव्हती. विचारायची गरजच नव्हती. भुसावळच्या क्वार्टरमध्ये, आमच्याच ओट्यावर बसून बायका मुसलमानांबद्दल काय काय बोलायच्या ते मी लहानपणापासून ऐकलं होतं. आमच्याबद्दल त्याच बायका काय बोलत असतील हे मला कधी सुचलं नव्हतं.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "मनात होतं, म्हणून आलं तोंडात."

"हां," शमीम म्हणाली. "आता बोलता येईल आपल्याला."

बस पारोळ्याच्या स्टँडात शिरली. ती पेटी घेऊन उतरली, गर्दीतून वाट काढत माझ्या खिडकीखाली आली. "सुट्टीत घरी येशील? अम्मीने विचारलं, कोण येणार, तर काय सांगू?"

कंडक्टरने घंटी मारली. बस हलली. मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकले आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "सांग, भिल्लाची पोर येतेय! मुसलमानाच्या घरी, जेवायला!"

पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. बघू देत.